हिड्नावर बोलायचं होतं त्या आठवड्यात

३ मार्च, मंगळवार
गुरुवारी लायब्ररीतल्या ग्रीक इतिहासाच्या वर्गात मी बोलायचं. विषय पक्का: हिड्ना. इतरांनी सेनापती, राजे घेतलेत. ही बाई कुणालाच माहीत नाही. बापाने तिला समुद्रात बुडी मारायला शिकवलं. इराणी बादशहाचं आरमार वादळात नांगर टाकून उभं होतं, तेव्हा बापलेक पोहत गेले आणि दोर कापले. देल्फीला दोघांचे पुतळे होते म्हणे. पण सगळ्यात जुन्या पुस्तकात फक्त बाप. मुलीचं नावच नाही. त्यावरच बोलेन.

जेवणानंतर मंदार स्लाइड्स करायला बसला. नांगराचं चित्र त्यानेच शोधलं. म्हणाला, सप्टेंबरात दुसऱ्या वर्षाला ग्रीक भाषा सुरू झाली की मुळातूनच वाच. किती दिवसांनी नवरा असा शेजारी बसला! बरं वाटलं.

४ मार्च, बुधवार
लेकीला, इराला शाळेतून आणायला गेले. फाटकाशी शेजारची ब्रीडा. कॉर्क शहरात राहायला चाललात ना, तिकडे सगळं ग्रँड, छान आहे, पण इथे क्लोनडॉकिनला आम्हाला तुमच्याशिवाय चुकल्यासारखं होईल, म्हणाली. तिच्या मुलीला इराने सांगितलेलं. मी हसले. दुसरं काय करणार.

गाडीत इराला विचारलं. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डॅड सेड इट वॉज अ सर्प्राइज." अकरा वर्षांची पोर. तिला काय बोलणार.

पुण्याला सासूबाईंना फोन. त्यांनाही माहीत. त्यांना वाटलं आमचं दोघांचं बोलणं झालंय.

म्हणजे मी सोडून सगळ्यांना.

मंदार ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसातून आला. कोट काढायच्या आत विचारलं. हो म्हणाला. कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या औषध कंपनीत नोकरी. होकार सोमवारीच कळवलाय.

सोमवारी. आणि मंगळवारी माझ्याशेजारी बसून दुसऱ्या वर्षाच्या गोष्टी...

"आधी सांगितलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

हे म्हणताना तो कप पुसून प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवत होता. आवाजसुद्धा चढला नाही. वर्ग काय, ऑनलाइनही करता येईल म्हणे.

पुण्याची सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडून इथे परदेशात आले तेव्हा ठरलेलं, यापुढे प्रत्येक गोष्ट दोघांनी मिळून. तोच म्हणाला होता, मी नव्हे. नोकरीचं मी समजून घेतलं असतं. कदाचित भांडून, पण घेतलं असतं. स्लाइड्सचं कसं समजून घेऊ?

५ मार्च, गुरुवार
मंदारला येऊ नकोस म्हटलं होतं. तरी आला, इराला घेऊन, मागच्या रांगेत बसला. सुरुवातीला घाईघाईने बोलले, मग जमलं. नांगराची स्लाइड न थांबता पुढे ढकलली.

शेवटी वर्गातल्या मेरीने, रिटायर्ड नर्स ती, विचारलं: त्या वादळात जायचं ठरलं तेव्हा बापाने पोरीला विचारलं असेल का, की नुसतं चल म्हणाला? मी म्हटलं, कुणी लिहिलेलं नाही. एवढंच उत्तर होतं.

निघताना आमच्या शिक्षकांना, डर्मटना, सांगितलं, दुसऱ्या वर्षाला मी आहे. इथे, वर्गात. मंदार दोन पावलांवर उभा होता. ऐकलं त्याने.

७ मार्च, शनिवार
सकाळपासून कॉर्कच्या घरांचे फोटो दाखवतोय. छान आहेत घरं, खोटं कशाला बोलू. उद्या तिघं बघून येऊ म्हणाला. मी म्हटलं, तू ये जाऊन.

"म्हणजे तू येणारच नाहीस? कायमची?"

मला माहीत नाही. तसंच सांगितलं. आणि हेही की त्याच्यासारखं मी आधीच ठरवून टाकलेलं नाही, आणि ठरवेन ते पहिलं त्यालाच कळेल. त्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटेल असं वाटलेलं. नाही वाटलं.

तेवढ्यात इरा जिन्यावर. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला म्हणाली, "हू ॲम आय गोइंग विथ?"

मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. इरा तिसऱ्या पायरीवर बसली, खाली येईना, वरही जाईना.