परवानगीशिवाय पहिला

सराव शिबिर
४ मार्च

ती. स्व. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

शिबिरात पाऊल टाकताच आमचे मोबाईल एका पत्र्याच्या डब्यात जमा करून घेतात, म्हणून हे पत्र. एकतीस वर्षं तू गावाची पत्रं वाटतेस, पण तुझ्या नावाचं बिलाखेरीज काही येत नाही, अशी तुझी कायमची तक्रार. घे, आलं!

बातमी चांगली की वाईट, ते तूच ठरव. रविवारच्या शर्यतीत मी पहिला आलो. त्याबद्दल संघानं मला निलंबित केलं आहे.

झालं असं. माझं काम तुला माहीत आहे. मागे राहायचं, संघाच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, जर्सीत कोंबायच्या आणि पुढे जाऊन आमच्या युवराजाला नि त्याच्या मंडळींना द्यायच्या. युवराज म्हणजे आमचा प्रमुख सायकलपटू. हे नाव त्याला कुणी दिलेलं नाही, त्यानंच घेतलं आहे. नऊ बाटल्या घेऊन मी निघालो, तर पुढे रस्ता रिकामा. मला वाटलं, सगळे पार पुढे निघून गेले आणि युवराज तहानेनं कासावीस झाला असणार. जीव खाऊन पायडल मारलं. शेवटच्या रेषेवर लोक टाळ्या वाजवायला लागले, तेव्हाही वाटलं की शेवटच्याला धीर देताहेत. मग कळलं, एका चौकात युवराज उजवीकडे वळण्याऐवजी डावीकडे वळला आणि तो वळला म्हणून अख्खा घोळका त्याच्यामागून भाजीबाजारात शिरला. बाणाची पाटी मी एकट्यानं वाचली. लहानपणी तुझ्या सायकलच्या दांडीवर बसून पाट्या वाचायची खोड लागली, ती अशी नडली.

करारातलं बारावं कलम सांगतं, की प्रमुखाच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या पुढे शेवटची रेषा ओलांडायची नाही. त्यामुळे सध्या मी दिवसभर एका हॉलमध्ये, जमिनीला ठोकलेल्या सायकलवर बसतो. समोर भिंत आहे. पेपरातला फोटो बाबांना दाखवू नकोस. बाटल्यांमुळे माझं पोट सुटल्यासारखं दिसतंय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा
भिंगरी


घर
९ मार्च

चि. भिंगरीस,
आत्याचे अ. उ. आ.

माझ्याच थैलीतून माझ्याच नावाचं पाकीट निघालं. वाटप संपेपर्यंत उघडलं नाही, पण सारखं चाचपून बघत होते. माझ्या वयाला शोभत नाही, पण बघत होते.

फोटोचं म्हणशील तर उशीर झाला. तुझ्या बाबांनी तो कापून सलूनच्या आरशावर चिकटवला आहे. वस्तरा गळ्याशी आला की तुझी गोष्ट सुरू होते, गिऱ्हाईक बिचारं मान हलवू शकत नाही. दोघांनी दाढी वाढवायचं ठरवलंय म्हणे.

आता मुद्द्याचं. तू पहिला आलास, मला आनंद झाला, शेजारणीला दोनदा सांगितलं. पण त्या नऊ बाटल्यांचं काय झालं, ते तू लिहिलं नाहीस. ज्याच्या नावचं त्याच्या हातात पडलं नाही, तर फेरी पूर्ण झाली असं आम्ही म्हणत नाही. तेवढ्यापुरती तुझ्या संघाची बाजू मला पटते. रागावू नकोस, मी अशीच आहे. बाटल्या जपून ठेव.

कराराची प्रत पाठव. पाट्या वाचणाऱ्या मुलानं सही करताना कागद वाचला नव्हता, हे मी पैजेवर सांगते.

दूध पी, जेवणावर रुसू नकोस आणि आम्हाला मनात ठेव.
तुझी
आत्या


सराव शिबिर
१५ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

पैज जिंकलीस. प्रत सोबत आहे. बाटल्या माझ्या खाटेखाली आहेत, नऊच्या नऊ.

परवा चौकशी झाली. समितीत तिघं होते: मॅनेजर, वकील आणि जाहिरातीचे साहेब. पहिला प्रश्न, पहिला येण्यामागे हेतू काय होता. दुसरा प्रश्न, असा प्रकार पूर्वी कधी केला आहे का. मी म्हटलं, शाळेत एकदा. ते त्यांनी लिहून घेतलं. रस्ता युवराज चुकला, असं मी नम्रपणे सुचवून पाहिलं. त्यावर निकाल असा लागला की प्रमुख कधी चुकत नाही, तो जातो तिकडे शर्यत जाते. म्हणजे भाजीबाजारातले सगळे मार्गावर होते आणि मार्ग सोडला तो मी.

आता खरं दुखणं सांगतो. माझा करार ३१ मार्चला संपतो. पण एकोणिसाव्या कलमाप्रमाणे संघ तो तीन वर्षं वाढवू शकतो. त्यासाठी तशी नोटीस त्या तारखेच्या आत, रजिस्टर टपालानं, माझ्या घरच्या पत्त्यावर, माझ्या स्वतःच्या हातात पडली पाहिजे. वकिलाची कचेरी ती पाठवणार आहे. मॅनेजर सरळ म्हणाला, की तीन वर्षं या भिंतीकडे बघत बस, म्हणजे बाकीच्यांना अक्कल येईल. मी तेवीस वर्षांचा आहे, आत्या. तीन वर्षांनी हे पाय शर्यतीचे राहणार नाहीत. डोंगरातल्या शर्यती खेळणारा एक छोटा संघ मला १ एप्रिलला घ्यायला तयार आहे. मला सायकल चालवायची आहे, जागेवरून हलणारी. दुसरं काही नको.

ते पत्र तुझ्याच थैलीत येईल. आठ दिवस तुझ्या उशीखाली राहू दे ना. कुणाला कळणार आहे?

एवढं कर, मग जन्मभर काही मागणार नाही.
तुझाच
भिंगरी


घर
२३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तीन दिवस लिहायला बसले नाही. बसले असते तर लिहू नये ते लिहिलं असतं.

तुझे आतोबा घर सोडून गेले, तेव्हा तसं त्यांनी पत्रानं कळवलं होतं. अक्षर मी सकाळीच थैलीत ओळखलं. टेकडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत सगळं वाटप केलं, मग स्वतःच्या दारात आले, वहीत सही केली आणि ते घेतलं. ते नाही दडवलं मी. तुझं दडवू? तुझ्यावर जीव आहे म्हणून तर तुझ्यासाठी खोटं वागत नाही. पुन्हा असलं मागू नकोस.

रजिस्टर आज आलं. लगेच घेऊन गेले. पाकिटावर लाल शाईत ठळक लिहिलंय: फक्त स्वतःच्या हाती द्यावे, अन्य पत्त्यावर पाठवू नये. वकिलानं फारच काळजी घेतली आहे. तुझे बाबा साबणाच्या हातानं सही करायला धावले, मी दिली नाही. त्यावरून माझा हा दादा रुसलाय, माझ्याशी बोलत नाही. दाराला चिठ्ठी लावली. नियमानं पाकीट सात दिवस ऑफिसात राहील. ३० तारखेच्या संध्याकाळच्या गाडीनं परत जाईल.

आता तू रजा माग. मनातल्या मनात नाही, अर्ज करून. रजिस्टर आलंय आणि ते कुणाकडून आलंय, हेही स्वच्छ सांग. रजा मिळाली तर ये आणि सही कर. पेन मी धरीन आणि मग तीन वर्षं आपण दोघं मिळून रडू. नाही मिळाली तर तुझा माझा इलाज नाही.

रागावलीस का, असं विचारू नकोस. रागावले आहे. तरी लोभ जिथल्या तिथं आहे.
तुझी
आत्या


सराव शिबिर
२७ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

चुकलो. कान धरून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं आहे.

अर्ज केला. रजा मिळाली असती तर मी खरोखर आलो असतो. मॅनेजरनं अर्ज सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. म्हणाला, याला शर्यती नकोत, पत्रं हवीत. मी सांगितलं, पाकीट आपल्याच वकिलाच्या कचेरीतून आलंय आणि ३० तारखेला परत जाईल. तो म्हणाला, कचेरीचं कचेरी बघेल, तू पायडल मार. चौदाव्या कलमाप्रमाणे निलंबित खेळाडूला रजा नाही. मी नकार लेखी मागितला. त्यानं आनंदानं दिला, वर शिक्का मारून: "पत्र थांबू शकते, सराव थांबू शकत नाही." सोबत जोडला आहे.

दुसरं. काल जेवणाच्या हॉलमध्ये नऊ बाटल्या युवराजाच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि पोचपावतीवर सही मागितली. त्याला वाटलं, मी त्याचा चाहता झालो. "शुभेच्छांसह" लिहून ऐटीत सही दिली. तीही जोडली आहे. फेरी पूर्ण झाली ना गं?

उत्तराची वाट बघतोय. भिंत बघून कंटाळा आलाय.
तुझा
भिंगरी


घर
१ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पूर्ण झाली. पोचपावती मी माझ्या वहीत चिकटवली आहे.

पाकीट परवाच्या गाडीनं गेलं. शेरा मी लिहिला: घेणारा गावी नाही, रजा नाकारली. काल दुपारी वकील स्वतः ऑफिसात धापा टाकत आला. पाकीट कुठे म्हणून विचारलं, मी म्हटलं तुमच्याच वाटेवर आहे. घेणारा कुठे म्हणून विचारलं, मी तुमच्या शिबिराचा पत्ता लिहून दिला. मग मॅनेजरचा नकार त्याच्यापुढे ठेवला. तो त्यानं तीनदा वाचला आणि खाली बसला. मी त्याला पाणी दिलं. दादा माझ्याशी बोलायला लागलाय, इतका की आता आवरत नाही.

तू सुटलास, भिंगऱ्या. मी वाटपाला निघाले आणि पहिल्याच गल्लीत मला रडू आलं. लोकांना वाटलं, कुणाचं तरी वाईट पत्र आहे.

माझी शेवटची फेरी या ३० तारखेला आहे, त्यानंतर निवृत्ती. डोंगरवाल्यांना सांगून त्या दिवशी ये, आपापल्या सायकलवर जाऊ. मी पुढे, तू मागे. पण टेकडीच्या चढावर आता माझे गुडघे ऐकत नाहीत आणि तू मागे रेंगाळत राहशील, मला ठाऊक आहे. म्हणून हे जपून खिशात ठेव:

मी, या फेरीची प्रमुख, चि. भिंगरी यास माझ्या पुढे जाण्याची लेखी परवानगी देत आहे.

वर पोचलास की थांब. शेवटचं पत्र मीच देणार.

तुझी
आत्या