ओटी इंग्रजीत नसते

सर,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून उलट उत्तर द्यायची हिंमत होते आहे. समोर असतात तर 'हो सर' म्हणून बाकावर जाऊन बसले असते.

आठवीचा वर्ग. पांढरकवड्याचं ऊन पत्र्यातून खाली उतरतंय आणि तुम्ही भिंतीवर तक्ता टांगून आमच्याकडून घोकून घेताय, "आय पुट ऑन माय कोट. आय टेक इट ऑफ." कोट आमच्यापैकी कुणाच्या बापानं घातला होता? तुम्हीसुद्धा बुशशर्टातच यायचात. मग मला फळ्यापाशी बोलावून नवं वाक्य करायला सांगितलंत. मी तांड्यावरची पोर, आदल्या दिवशी याडीबरोबर, म्हणजे आईबरोबर, कापूस वेचायला गेलेली. वेचलेला कापूस टाकायला कमरेला जे फडकं बांधतात, ते हातांनी बांधून दाखवत मी म्हटलं, "आय पुट ऑन माय ओटी." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, ते जास्त लागलं. "ओटी इंग्रजीत नसते. तांड्याचं तांड्यावर ठेवून येत जा," म्हणालात. घरी चुलीपुढे रडत सांगितलं, तर याडीनं भाकर उलटता उलटता आमच्या बोलीत विचारलं, मग इंग्रजीवाले कापूस कशात टाकतात? तो प्रश्न तेव्हा तुमच्यापर्यंत आणला नाही. आज आणते आहे.

आता तिथून जवळच्याच एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. टेबलाच्या खणात याडीची जुनी ओटी असते. एक पोरगी ती बांधते, "पुट इट ऑन." दुसरी त्या ओटीत कापूस टाकते, "पुट इट इन." मग "टेक इट आउट," मग "गिव्ह इट टू हर." वर्षभर तुमच्याकडे घोकूनही ते 'इट' कुठं बसवायचं मला उमगलं नव्हतं. परवा मागच्या बाकावरची एक जण आपणहून उठली. "मॅडम, आपण म्हणतो, कापूस ओटीत टाक. हाताचं काम, 'टाक', शेवटी येते. इंग्रजीत हाताचं काम पह्यले, मंग कापूस, मंग त्याची जागा." सांगा सर, तुमच्या तक्त्यावर हे कुठं होतं?

उद्या तपासणीचे साहेब येणार आहेत. आमचे हेडसर तुमचेच विद्यार्थी. म्हणाले, "मॅडम, ते फडकं उद्याचा दिवस कपाटात ठेवा, सरांसारखा तक्ता लावा. नोकरी कंत्राटी हाय तुमची. काहून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यल्या?" शेरा वाईट आला तर पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत, एवढं मलाही कळतं. तरी ओटी निघणार. साहेबांसमोर निघणार, आणि तिचं नाव मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिणार. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि घालवायची मला घाईही नाही. शाळा सुटल्यावर थांबवून एक पैसा न घेता शिकवणारेही तुम्हीच होतात. 'ओटी इंग्रजीत नसते' हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी तांड्याच्या वाटेवरच विसरले असते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते ओटीखाली खणातच राहील. एक मात्र सांगते. आधी मी हे इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. पहिल्याच ओळीत ओटी हा शब्द आला, तुमचं लाल पेन आठवलं, आणि माझ्याच हातानं मी तो खोडला.