उलटतपासणी नाही

सर, आज कोर्टात एका साक्षीदाराला मी म्हणाले, "जरा मोठ्यानं बोला," आणि तुमची आठवण आली. तुम्ही हे वाक्य कधीच म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर तुमच्या त्या अशिलाला तुरुंगात जावं लागलं नसतं. पण मग तुम्ही मला जे दाखवलंत, तेही मला कधी दिसलं नसतं.

त्या दुष्काळात नांदूरघाटाकडच्या एका गावात दूध संस्थेची चाऱ्याची गंजी जळाली. गावात पाणी टँकरचं, चारा संस्थेच्या डेपोतला, आणि डेपो चेअरमनच्या हातात. चारा पाहुण्यारावळ्यांनाच कसा मिळतो, असं एकानं भर सभेत विचारलं होतं. तो संस्थेत दूध मोजून घेण्याचं काम करायचा. पुढं गंजी पेटली आणि फिर्यादीत त्याचंच नाव आलं. वकीलपत्र तुमचं होतं. मी तुमची ज्युनियर, पण तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. परत आले तोवर खटला संपून शिक्षा झाली होती.

त्याची बायको तुमच्याकडे न जाता माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. "बाई, राग नका धरू. वकीलसाहेब नुस्ते बसल्ते. साक्षीदार लबाड बोलत व्हता, आमचे मालक मागून हात करीत व्हते, पर साहेब उठलेच न्हाईत. कावून उठले न्हाईत ओ?" मी तिची समजूत घालून तिला पाठवलं आणि साक्षींच्या नकला मागवल्या. एकेका साक्षीखाली तेच लिहिलेलं: उलटतपासणी नाही. ज्या माणसानं मला शिकवलं की खोटा साक्षीदार तिसऱ्या प्रश्नाला पाणी मागतो, त्यानं पहिलासुद्धा प्रश्न विचारला नव्हता. वाटलं, तुम्ही चेअरमनला फितूर झालात. सर, दोन दिवस मी असं मनात आणलं होतं.

मग तुमच्या घरी आले. स्वयंपाकघरात गॅसवर कढईत शेंगदाणे भाजत होते, काकू खाली बसून भाजी निवडत होत्या, तुम्ही उंबऱ्याशी पेपर घेऊन बसला होता. काकूंनी दोनदा हाक मारली, "अहो, गॅस बारीक करा." तुम्ही हललाही नाहीत. तिसऱ्यांदा त्या ओरडल्या नाहीत, स्वतःच उठल्या आणि येता येता तुमच्या खांद्याला हात लावला. तो हात रोजच्या सवयीचा होता. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि पदरानं कढई उतरवली.

तुम्ही माझ्या हातातले कागद पाहिले आणि म्हणालात, "अपील करतीस?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मुद्दा कोणता घेतलास?"

मी पंचनाम्यातल्या चुका, उशिरा दिलेली फिर्याद, असं काहीबाही सांगत राहिले. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ह्यानं काय बी होत न्हाई. आरोपीला बचावच मिळाला न्हाई, हे लिही. वकील बहिरा झालता आणि कुणाला बोलला न्हाई, असं लिही. माझं प्रतिज्ञापत्र लाव."

"सर, तुमचं नाव जाईल."

"माझं नाव लई दिवस चाललं. तो माणूस आत बसलाय, पोरी." मग काकूंकडं वळून, "हिला चहा दे. रडायला लागली."

अपिलाची बातमी पसरली आणि बाररूममध्ये माझ्याशी बोलणं बंद झालं. गुरूच्याच मुळावर उठली, असं लोक म्हणायचे. काहींनी माझी जातही काढली. मी डबा एकटी खायला लागले. एका दुपारी तुम्ही आलात. तारीख नव्हती, तरी काळा कोट घालून आला होता. सगळ्यांसमोरून सरळ माझ्या टेबलाशी येऊन बसलात, माझ्या डब्यातली भाकरी मोडलीत, ठेच्याला लावलीत आणि म्हणालात, "तिखट कमी हाय." तुमच्या आवाजाचा अंदाज सुटला होता, त्यामुळे ते खोलीभर ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या केला.

औरंगाबादच्या हायकोर्टात आपण एसटीनं गेलो. मला तो दिवस अजून चालू असल्यासारखा दिसतो. तुम्ही माझ्या शेजारी उभे आहात, हात पाठीमागे. न्यायमूर्ती प्रतिज्ञापत्र वाचतात, चष्मा काढतात आणि इंग्रजी सोडून मराठीत विचारतात, "इतकी वर्षं वकिली केली, हे लपवायला लाज नाही वाटली?" तुमच्यापर्यंत पोचवायचं काम माझं. मी तुमच्या कानाशी वाकते. ते शब्द मला उच्चारवत नाहीत. मी म्हणते, "सर, कधीपासून कमी ऐकू येतंय, विचारतायत."

तुम्ही माझ्याकडं बघत नाही. न्यायमूर्तींच्या चेहऱ्यावरून नजर न काढता म्हणता, "वाटली, महाराज. लाज वाटली म्हणूनच लपवलं. पण शिक्षा त्याला झाली."

न्यायमूर्ती समोरासमोर होते. तुम्ही त्यांचे ओठ वाचले होते. मला वाचवायला तुम्ही मी बदललेल्या प्रश्नाचंच उत्तर देऊ शकला असता, दिलं नाहीत.

शिक्षा रद्द झाली. साक्षीदारांना पुन्हा बोलावून खटला चालवा, असा हुकूम झाला. तो जामिनावर सुटला, आणि उलटतपासणीला मी उभी राहिले. गंजीच्या राखणदारानं आरोपीला पळताना पाहिलं म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं, आग लागली तेव्हा तुम्ही कुठं होता? तो गंजीपाशी म्हणाला. टँकर कधी आला? तेव्हाच. तुमच्या घरचं पाणी कुणी भरलं? त्यानं घाम पुसला. मग म्हणाला, "म्याच. वरडा ऐकून पळत आलो. नाव मला मागून सांगितलं." तुम्ही पहिल्या बाकावर बसला होता. बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारलीत. "झ्याक झाली."

"ऐकू आलं, सर?"

"एक अक्षर न्हाई. पर त्यो घाम पुसायला लागला तवा मी टोपी घातली. म्हणलं, आता जायला हरकत न्हाई."

आपला अशील निर्दोष सुटला. त्याची बायको तुमच्या पाया पडायला आली तेव्हा तुम्ही दोन पावलं मागं सरकलात. त्यानंतर तुम्ही एकही वकीलपत्र घेतलं नाहीत. माझ्या ऑफिसात येऊन बसायचात, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन तिच्याशी मोठमोठ्यानं बोलायचात, आणि ती दचकायचीही नाही. तिला वाटायचं, माणसं अशीच बोलतात.

हे पत्र कुठं पाठवणार? तुम्ही जाऊनही किती काळ लोटला. पण एक गोष्ट राहिली आहे. तुमच्या शेवटच्या आजारात काकू जेवायला गेल्या होत्या, तुम्ही डोळे मिटून पडला होता आणि खोलीत मी एकटीच होते. तेव्हा मी माझ्या वडलांना मारायचे तशी तुम्हाला हाक मारली, "दादा." ऐकू जाऊ नये म्हणून मुद्दाम हळू मारली. मोठ्यानं मारायला हवी होती.