स्टेशनातला दरबार

मी झिलू वासू गावडे, वय अदमासे सत्तर, राहणार गुंद. डोकं ठिकाणावर आहे. कुणी भरीला न घालता हे लिहून ठेवतो. अक्षरं कॅसलरॉकला लाकडं भरताना स्टेशनच्या पाट्या बघून शिकलो, म्हणून ती मोठी येतात. कागद जास्त लागेल.

घर व भाताची जमीन पत्नी अनुसया हिची; तिच्यामागं मुलगा परशू याची. चाळीस वर्षं मी लग्नघरांच्या भिंतींवर चित्रं काढली, त्या रंगात कालवायला तिनं चिंचोक्याची खळ शिजवून दिली. कधी कधी चुलीवर तेवढीच शिजली. तरी तिनं "रंग पुरला न्हवं?" इतकंच विचारलं.

केवड्याच्या मुळ्या ठेचून केलेले कुंचले, गेरू आणि निळीची पुडी परशूला. त्याला चित्र येत नाही. दारं रंगवली तरी चालेल.

आता मी रंगवलेला नाटकाचा पडदा. तो माझा नाही. गावच्या बायकांनी जुनी लुगडी दिली, ती जोडून तो झाला. रामनगरचा एक व्यापारी दुकानात लावायला विकत मागत होता. बायकांची लुगडी मी कशी विकू? जत्रेच्या नाटकात तोच लागावा.

नाटकाला दरबार हवा होता. मी राजवाडा बघितलेला नाही. बघितलेली सगळ्यात थोर इमारत म्हणजे कॅसलरॉकचं स्टेशन. खांब, कमानी, घंटा, तेच पडद्यावर काढलं. राजाचं काम करणारा माझा जिवाचा दोस्त भिकाजी उसळला, "माझा राजा तिकिटं फाडतोय व्हय रे?"

मी म्हटलं, "तुझ्या मिशा बघून लोक तिकिटं मागतीलच की!"

सगळे हसले. त्यानं तोंडाचा रंग पुसला. नऊ वर्षं झाली, त्यानं राजा केला नाही, माझ्याशी बोलला नाही. चूक माझ्या जिभेची, चित्राची नव्हे.

म्हणून, पडद्याची दोरी यापुढं भिकाजीनं ओढावी, ही विनंती. त्याला बोलवायला परशूला धाडलाय. तो आल्यावरच सही करीन.

लग्नघरांनी मला भिंती दिल्या, बायकांनी कापड दिलं, आणि साऱ्या गावानं स्टेशनाला दरबार मानलं. माझं भरून पावलं.

गुंद, ता. ११ फेब्रुवारी १९५९

सही: झिलू वासू गावडे

समक्ष साक्ष:

१. पुंडलिक नारायण देसाई

२. भिकाजी तुकाराम वेळीप. दोरी परशूनं ओढावी. मी राजा हाय, पडद्याम्होरं दरबारात बसणार.