तिसरा गज

नोएडा,
रविवार दुपार

प्रिय प्रणित,

आणि जळण्याचं म्हणशील तर मी तुझ्यावर कशाला जळू? माझा दंड तुझ्या मनगटाएवढा आहे हे मला आरशाशिवाय माहीत आहे. तू फोन कापलास त्याला आज सोळा दिवस झाले. त्यानंतर मी अकरा वेळा लावला. तू एकदाही उचलला नाहीस, आणि बहिणीला पुढे केलंस, प्राचीला म्हणालास, त्या शकी माणसाला सांग मी प्रॅक्टिसला गेलोय. सकाळी सातला प्रॅक्टिस, दुपारी दोनला पण प्रॅक्टिस. बरं, शकी तर शकी. मी विचारलं होतं एवढंच, की प्रोटीन पावडरचे डबे येतात कुठून. बाबा जासईच्या कंटेनर यार्डात गेटवर उभे राहून कमावतात त्यातून ते येत नाहीत, आणि डिलिव्हरीचं काम तू श्रावणातच सोडलंस, हे मला बुधाजीकाकांकडून कळलं, तुझ्याकडून नाही. त्यावर तू म्हणालास, तू नववी नापास, मला शिकवू नको. मी कुठे शिकवत होतो? मी विचारत होतो. विचारल्यावर ज्याचा आवाज चढतो त्याच्याकडे काहीतरी असतं, एवढं नववी नापासला पण कळतं.

म्हणून हे पत्र. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस चार ओळी वाचतोच. बुधाजीकाका ट्रेलर घेऊन दादरीला आलेत, परवा माल भरून परत निघतील. त्यांच्याच हातात देतोय. त्यांना सांगून ठेवलंय, हा समोर बसून शेवटपर्यंत वाचेपर्यंत उठू नका, लागलं तर चहा दोनदा मागा. ते म्हणाले, तीनदा मागीन, माझं काय जातंय. तेव्हा वाच.

तू म्हणतोस मी पहिल्यापासून असा संशयी. नाही. मी असा झालो पनवेलला, शाहीदभाईंच्या स्टुडिओत. तुला आठवत नसेल, तू तेव्हा सातवीत. मी यार्डातलं काम सोडलं, गॅरेज सोडलं, मच्छीच्या टेम्पोवर पण महिनाभर जाऊन आलो, आणि बाबांनी मला हाताला धरून नेऊन शाहीदभाईंसमोर उभं केलं. बाबा म्हणाले, याला कुठेतरी बसवा, याचा पाय टिकत नाय. शाहीदभाईंनी मला वाढदिवसाच्या बॅनरवर बसवलं. ज्याचा वाढदिवस त्याला गोरा करायचा, आणि ज्याच्या गळ्यात चेन नाही त्याला चेन घालायची. चेन आमच्याकडे एकच होती. उरणच्या कुठल्या तरी नवरदेवाच्या हळदीतल्या फोटोतून कापून ठेवलेली. दोन वर्षं ती अख्ख्या तालुक्याच्या गळ्यात फिरली. शाहीदभाई म्हणायचे, बेटा, हीच खरी चेन, ना चोराची फिकीर ना सोनाराची. तेव्हापासून मला फोटो सरळ बघता येत नाही. कुणी लग्नाचा अल्बम पुढे केला तर मी नवरी बघत नाही, नवरीच्या मागची भिंत बघतो.

इथे तेच काम आहे, फक्त चेनच्या जागी माणसाचं अंग. तुला मी सांगितलं होतं कंपनीत आहे, जाहिरातीचं काम आहे. त्याच्या पुढे तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. बॉडीबिल्डिंगचं मासिक, पावडरच्या जाहिराती, जिमचे पोस्टर, सगळं आमच्या हॉलमधून जातं. बावीस कॉम्प्युटर आणि एकही खिडकी नाही. तू ज्या फोटोंना 'आधी' आणि 'नंतर' म्हणून बघतोस ना, ज्याच्याखाली बारा आठवडे लिहिलेलं असतं, ते बारा आठवडे मी डोळ्यांनी बघितलेत. सकाळी नऊला माणूस येतो, पोट फुगावं म्हणून त्याला पाव आणि लिटरभर पाणी देतात, खांदे पाडून उभा करतात, तोंड पाडायला सांगतात. तो झाला 'आधी'. मग त्याचे केस काढायचे, अंगाला तांबूस रंग, वर तेल, बाजूने लाइट. पाच वाजता तो 'नंतर' होतो. त्याच्यापुढे आम्ही. कंबर आत, खांदा बाहेर, पोटावरच्या खाचा गडद. माझ्या शेजारच्या मुलाने एकदा छातीची एक बाजू उलटी करून दुसरीकडे चिकटवली आणि त्या माणसाला छातीवर दोन्हीकडे एकच तीळ आला. छापून आलं तसंच. कुणाला दिसलं नाही. लोक तीळ कुठे बघतात?

पण एक गोष्ट आमचा साहेब पहिली बघतो, ती रेघ. कंबर आत ओढली की तिच्यामागचा दरवाजा पण आत जातो. खांदा फुगवला की मागची लादीची रेघ फुगते. अंग कितीही चांगलं बनवा, मागे लादी, दार, जाळी काही असलं की चोरी पकडली जाते. म्हणून साहेब चेहरा बघत नाही, पाठीमागून स्क्रीनवर बोट ठेवतो आणि म्हणतो, लाइन सीधी कर. दोन वर्षं मी फक्त लाइन सीधी करतोय.

आईला सांग जेवण बरं आहे. म्हणजे बरं नाही, पण तिला बरं सांग. रोज राजमा. सुकट संपली, पुन्हा पाठवायला सांग, पण डबा घट्ट. मागच्या वेळी झाकण सुटलं आणि बुधाजीकाकांच्या केबिनमध्ये अजून वास आहे, ते म्हणतात राजस्थानात ढाब्यावरची मांजरं ट्रेलरच्या मागे लागली होती. बाबांच्या गुडघ्याला तेल लावतोस का तू? आधी लावायचास. आता तुझंच तेल लावणं चालू असेल.

त्या फोटोकडे येतो. तू स्टेटसला ठेवलेला, घरचा, पाठमोरा, शर्ट काढून, दोन्ही हात वर दुमडून, मान जराशी वळवलेली. आपल्या पुढच्या खोलीतल्या खिडकीसमोर. मी तो जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या स्क्रीनवर उघडला. गणपतीत मी घरी होतो तेव्हा तू आरतीला माझ्यापुढे उघडाच उभा होतास. तुझी पाठ मला माहीत आहे, लहानपणी तीच घासून दिलीय मी. अकरा आठवड्यांत अशी पाठ येत नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की हा पण लागला अ‍ॅप वापरायला. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, खोटा असू दे. नुसता खोटा निघू दे, चिडवून चिडवून याला हैराण करतो.

मग मी गज बघायला लागलो. खिडकीला सात गज आहेत. तिसरा वाकडा आहे, तू पाच वर्षांचा असताना तुझं डोकं त्यात अडकलं होतं. आई ओरडत होती, शेजारची शोभाकाकी साबण घेऊन आली, तू साबण खाल्लास, आणि शेवटी बाबांनी पहार घालून गज वाकवला. तू सगळ्यांना सांगतोस की मांजर पकडायला डोकं घातलं. तसं झालं नव्हतं. मी म्हणालो होतो, जाईल रे डोकं, घाल. बाबांना मी हे आजपर्यंत सांगितलं नाही, आणि तू पण नाही सांगितलंस. पाच वर्षांचा होतास, तरी नाही सांगितलंस.

तर मी फोटो मोठा केला, आणि मोठा, आणि प्रत्येक गजाला सरळ रेघ लावून बघितली. पहिला सरळ. दुसरा सरळ. तिसरा वाकडा, पण जेवढा बाबांनी वाकवला तेवढाच. चौथा तुझ्या खांद्याला अगदी लागून जातो. खांदा फुगवलेला असता तर सगळ्यात जास्त तोच वाकला असता. तो ओळंबा धरल्यासारखा सरळ. पाच, सहा, सात सरळ. मी इतकी वर्षं फोटोत खोटं शोधतोय. पहिल्यांदाच ते सापडलं नाही, आणि मी पुन्हा पहिल्या गजापासून रेघ लावायला लागलो. मग तुझ्या पाठीवरचे फोड दिसले, खांद्यापासून खाली, लाल. ते आम्ही काढतो, प्रणित. अ‍ॅप पण काढतं. फोटोत फोड घालणारं अ‍ॅप अजून कुणी बनवलेलं नाही.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला, आणि डब्याचं विचारलं. डब्याचं नव्हतं विचारायचं. जे विचारायचं होतं ते तोंडातून निघालं नाही. तू फोन कापल्यावर मी प्राचीला पकडलं. तिच्यावर ओरडू नको, ती दोन दिवस नाय नाय करत होती, मी खोदून काढलं. तुझ्या शाळेच्या जुन्या दप्तरात सुया आहेत आणि एक बाटली आहे, तिच्यावरची अक्षरं तिला वाचता येत नाहीत. तुला तरी येतात का? अवधूत सरांनीच दिली ना? पनवेलमध्ये एवढी मोठी जिम चालवणारा माणूस चिठ्ठी न देता औषध देतो आणि वर व्हिटॅमिन म्हणतो, आणि शकी मी. आई फोनवर म्हणते, काय नाय झालंय त्याला, डोकं तापतं जरा. तू बाबांच्या समोर ताट फेकलंस ते ती सांगत नाही, ते प्राची सांगते. बाबांनी भात उचलला, हे पण प्राचीच सांगते. जिना चढून आलास की भिंतीला हात लावून उभा राहतोस. झोपेतून छाती धरून उठून बसतोस. तुला वाटतं घरात कुणाला कळत नाही. दोन खोल्यांच्या घरात काय कळत नाही?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. अवधूत सरांच्या जिममध्ये डंबेलच्या वर जो मोठा पोस्टर आहे, काळा बॅकग्राउंड, खाली लाल डबा, ज्याला तू हात लावून मग सुरुवात करतोस. जूनमध्ये तू त्याच्या शेजारी उभा राहून फोटो पाठवलास आणि लिहिलंस, दादा, दिवाळीपर्यंत असा. तो पोस्टर मी केलाय. फेब्रुवारीत. विश्वास ठेवू नको, जाऊन बघ. पोटावर उजवीकडे, वरून तिसऱ्या खणाच्या खाली घामाचा एक थेंब आहे, चिंचोक्यासारखा. डावीकडे पण तस्साच आहे, त्याच उंचीवर, आरशात धरल्यासारखा. जगात कुणाला असा घाम येत नाही. डावी बाजू त्याची नाहीच, उजवीच मी उलटी करून चिकटवली, आणि थेंब पुसायचा राहिला. खांदे मी ओढले, साहेब म्हणाला और, मी अजून ओढले. काळ्या बॅकग्राउंडला रेघ नसते, म्हणून कुणी पकडलं नाही. ज्याचा फोटो होता तो हरियाणाचा मुलगा, तुझ्याच वयाचा. शिरा दिसाव्यात म्हणून दोन दिवस पाणी प्यायला नव्हता. शूटिंग संपल्यावर जिन्यात त्याच्या पोटऱ्या आखडल्या, आम्ही दोघांनी त्याला उचलून खाली आणला, आणि तो मला विचारत होता, भैया, फोटो अच्छा आया ना. तो पण असा दिसत नाही. असा कुणीच नाही. आणि तू फोटो पाठवलास तेव्हाच मी पोस्टर ओळखला होता. तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही कारण मला आनंद झाला, माझं काम पनवेलला पोचलं. शेजारच्या मुलाला दाखवलं, ये मेरा भाई, ये मेरा काम. आणि तुला मी अंगठा पाठवला. बघ शोधून, अजून असेल तुझ्या फोनमध्ये. डोकं जाईल म्हणून मी तुला दुसऱ्यांदा सांगितलं, प्रणित, आणि या वेळी बाबांकडे पहार नाही. तू प्राचीबरोबर जा. रक्त तपासून घे, हृदयाची सोनोग्राफी करून घे. अवधूत सरांच्या ओळखीच्या लॅबमध्ये नको. डॉक्टरसमोर ती बाटली ठेव आणि किती घेतलं ते खरं सांग. सोडायची कशी हे पण त्यांनाच विचार, तुझ्या मनाने काही करू नको. पोस्टरवर तो दुसरा थेंब नसला तर मला वाट्टेल ते बोल, आयुष्यभर फोन उचलू नको. असला तर एकदा उचल. मी काही विचारणार नाही.

तुझाच,
"जाईल रे डोकं" म्हणणारा,
दादा

ता. क. पैसे तुझ्या खात्यावर टाकले नाहीत, तिथून ते कुठे जातील याचा मला भरवसा नाही. बुधाजीकाका पाकीट प्राचीच्या हातात देतील. त्या पोस्टरच्या कामाचे मला पगारावर जेवढे मिळाले होते, तेवढे सगळे त्यात आहेत. चार हजार आठशे रुपये.