नानाची बाग वाळवताना

२७ एप्रिल
शेजारच्या पितांबर नानाने आज माझ्या मेहरूण तलावाच्या ऑइल पेंटिंगकडे बघून विचारलं, हाई भरीत शे का? तेही माझ्या बायकोसमोर. ज्योत्स्ना हसली. हसली! आता सोडत नाही. नानाचा सगळा जीव त्याच्या बागेत. ती बाग वाळून कोळसा झालेली रंगवणार आणि ३१ मेला कॉलनीच्या कार्यक्रमात लावणार. नानाला तोंड लपवायला जागा मिळायची नाही.

२९ एप्रिल
गच्चीवरून काही दिसत नाही. मेल्याने बागेवर हिरवी नेट टाकलीय. म्हणजे शत्रूच्या घरात शिरणं आलं. नानाला विचारलं, तुमच्या बागेत बसून चित्र काढू का? इतका खूश झाला की मला त्याची कीव आली.

३ मे
४४ डिग्री. ईझल मोगऱ्याजवळ. नाना सारखा ताक आणून देतो. लाच, दुसरं काय! तीन ग्लास प्यालो, पण बधलो नाही. हिरवी ट्यूब उघडायचीच नाही. सगळं ब्राऊन.

८ मे
देव आहे! लेकीच्या बाळंतपणासाठी नाना बायकोला घेऊन धुळ्याला गेला. जाताना किल्ली माझ्या हातात. म्हणाला, भाऊ, बसताच आहात तर पाणी घालाल का? म्हटलं, हे काय विचारणं झालं! एक थेंब घालणार नाही.

१० मे
जास्वंदीने मान टाकली. वा! पण धूळ फार उडते, ओल्या ऑइलवर येऊन बसते. ती दबावी म्हणून पाइप फिरवला. यात दयामाया काही नाही.

१५ मे
नळ पहाटे येतो, म्हणून पहाटे उठलो. धुळीसाठी. कुंड्यांतही घातलं, माती तिथूनही उडते. ज्योत्स्ना म्हणाली, आपली तुळस वाळलीय. म्हटलं, मी कामात आहे.

२१ मे
गुलाबावर किडे. उडून कॅनव्हासला चिकटतात, म्हणून गुलाबावर निंबोळी अर्क फवारला. मोगरा मेला इतका फुललाय की ब्राऊन लावायला हात होईना. शेवटी त्याच्याकडे पाठ करून रंगवला.

३१ मे
सगळी कॉलनी हजर. कालच परतलेला नाना पहिल्या रांगेत. फडकं ओढलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, नाना, ही बघा तुमची बाग! नाना बघतच राहिला. डोळ्यांत पाणी. मनात म्हटलं, मेला! तर त्याने उठून मला मिठीच मारली. माइकवर सांगितलं, भाऊंनी पाणी घातलं नसतं तर माझी बठ्ठीच्या बठ्ठी बाग अशीच झाली असती, बिचाऱ्यांनी तोंडाने न सांगता चित्रातून दाखवलं. टाळ्याच टाळ्या. माझ्या चित्राला जन्मात पहिल्यांदा. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

१ जून
समोरच्या बेबाबाई सकाळीच आल्या. मुलाकडे सुरतेला निघाल्यात. किल्ली देऊन गेल्या. गच्ची भरून कुंड्या आहेत. चित्र काढा असं काही म्हणाल्या नाहीत.