उत्तर येईपर्यंत

१ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शिवणयंत्रावर कापड तसंच सोडून लिहितेय. आपल्या भिंगरीच्या मेंदूतली गाठ काढून दोन वर्षं झाली. डॉक्टर खूश आहेत, शाळा नाही. उपचारांपासून तिला उत्तर जुळवायला वेळ लागतो. तोवर मुली पुढच्या गप्पांवर पोचलेल्या, मग हिचा भडका! परवा जिवलग मैत्रिणीलाच ढकललं. आता डब्याच्या सुट्टीत तिला वेगळं बसवायचं म्हणतात. एकदा वेगळी बसली की लेक कायमची एकटी पडेल रे! पुढच्या गुरुवारी बैठक आहे. तू वकील, तुझ्या तोंडाला कोण लागणार? ये.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

५ जुलै

चि. छोटीस,
अ. उ. आ.

नेमका त्याच दिवशी खटला उभा आहे. भाषण लिहून पाठवतोय, ठणकावून वाच! पाय अधू असलेल्या मुलासाठी आपण जिन्यात थांबतो. ज्याच्या विचारांना जिना चढायला वेळ लागतो, त्याला मात्र उद्धट ठरवतो. हा कुठला न्याय? गाठ निघाली म्हणजे मूल सुटलं, असं मानणाऱ्यांचे डोळे उघडलेच पाहिजेत! पानं बरीच आहेत, पण एकही गाळलंस तर याद राख. भाचीला पापा.

लोभ आहेच, तो वाढवणं तुझ्याकडे.
दादा

१२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जिंकलो! पण तुझं भाषण पिशवीतच राहिलं, चिडू नकोस. बाईंनी थेट भिंगरीलाच विचारलं, का ढकललंस म्हणून. ती उत्तर जुळवत बसली. उत्तर माझ्या ओठांवर तयार! आपल्या घरात कुणी कुणाचं वाक्य कधी पुरं होऊ दिलंय? पण या वेळी रुमाल तोंडात कोंबला आणि थांबले. कितीतरी वेळाने ती म्हणाली, सगळ्या विचारतात आणि पळतात. मला उत्तर सापडतं तेव्हा समोर कुणीच नसतं. मैत्रिणीलाही बैठकीला बोलावलं होतं, ती बघतच राहिली. तिला वाटायचं, ही रुसून बोलत नाही. मग ठरलं: बाक तोच, आणि विचारेल त्याने उत्तर येईपर्यंत थांबायचं.

भडके संपलेले नाहीत, कालच एक पेन्सिल मोडली. पण आज ती मैत्रीण घरी आलीय! खेळशील का, तिने विचारलं. आपल्या कन्येने भरपूर वेळ घेतला आणि सांगितलं, नाही. मी धावणार, तेवढ्यात मैत्रिणीने विचारलं, मग काय करूया? आणि मांडी घालून बसली. मी हे लिहितेय, आणि ती अजून बसलीय, दादा!

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.
धाकटी